गोष्ट कुणाच्या बापाची

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे फौजदारीणबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं. डॉक्टरांकडून पेशंटच्या हिरड्यांचे ठसे यायचे, त्यावरून ती प्लास्टरचे साचे घडवायची, मेणात दात बसवायची आणि शेवटी घासूनपुसून कवळी तयार करायची. ठसा हातात आला की आधी उजेडाकडे धरून उलटसुलट बघायची आणि घेऊन आलेल्या माणसाला विचारायची, "हा त्याच पेशंटचा कशावरून?" प्लास्टरचं नवं पोतं आलं की मूठभर कालवून, ते नीट घट्ट होतंय का हे पाहिल्याशिवाय पोतं आत येऊ द्यायची नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड कधी कशानं पोळलं होतं कोण जाणे, ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

घरी तिच्या तोडीस तोड सासूबाई होत्या. एका घरात दोन फौजदार म्हटल्यावर चोराची काय बिशाद होती आत यायची, पण नवऱ्याचे मात्र हाल होते. तो बिचारा वायरमन. दिवसभर लोकांच्या भिंतींतल्या तारा शोधायचा आणि संध्याकाळी घरी आला की या दोघींच्या मधली तार आज कुठे तुटली आहे ते शोधायचा.

नणंद परदेशात होती. तिनं एकदा फोनवर सांगितलं, "वहिनी, इकडे कवळी बनवणारी माणसं मिळत नाहीत गं. तू ये. फक्त इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हायला लागेल." फौजदारीणबाईंना वाचता-लिहिता चांगलं यायचं. रसायनांच्या डब्यांवरचं बारीक अक्षर त्यांच्याइतकं नीट लॅबमध्ये कुणी वाचत नसे. पण बोलायची वेळ आली की जीभ मेणात रुतल्यासारखी व्हायची. दिवसभर दातांशी काम, पण दात काही बोलत नाहीत.

तिनं दार लावून आरशासमोर बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी मुलाला स्वयंपाकघरात गाठलं.

"ही आत कोणाशी बोलते रे?"

"परीक्षेचा अभ्यास करतेय, आई."

"अभ्यास करताना माणूस हसतं होय?"

"परीक्षेत बोलताना हसरा चेहरा ठेवायचा असतो म्हणे."

"हो का! मग माझ्याशी बोलताना का नाही ठेवत?"

आतून सगळं ऐकू येत होतं. फौजदारीणबाईंनी आरशातलं हसू पुसलं आणि दाराची कडी नीट बसली आहे ना ते पुन्हा एकदा पाहिलं.

शेवटी तिनं क्लास लावला. चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली. प्लायवूडचा आडोसा घालून तिचे दोन भाग केलेले. शिकवणारे सर गोरेगोमटे, बोलणं लोण्यासारखं. भिंतीवर त्यांची प्रमाणपत्रं लावलेली होती. ती तिनं पहिल्याच दिवशी जवळ जाऊन वाचली, शिक्का खरा आहे का ते डोळे बारीक करून पाहिलं. सरांची एक पद्धत होती. कुणी बोलायला लागलं की ते आपला फोन मधोमध टेबलावर ठेवून रेकॉर्ड करायचे. "घरी शांतपणे ऐकतो, चुका काढतो," म्हणायचे. इतक्या संशयी बाईला या फोनचा मात्र कधी संशय आला नाही. तिचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं.

सरांनी तिला सरावासाठी जोडीदारीण दिली होती. शेजारच्या गल्लीत पार्लर चालवणारी. हिचा चेहरा बंद दुकानासारखा, तर तिचा सदानकदा उघडा. आल्या आल्या म्हणाली, "ताई, तुमच्या भुवया किती सुंदर आहेत, फक्त कोपरे जरा आवरायला हवेत." इतकी गोड बोलणारी बाई फुकट गोड बोलत नसणार, हे फौजदारीणबाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्यात सरावच असा, की एकीनं विचारायचं आणि दुसरीनं आपल्याबद्दल सांगायचं. तुमचं बालपण कुठं गेलं? घरात सगळ्यांत जवळचं कोण? तुम्हाला कशाची भीती वाटते? हे प्रश्न आहेत की पोलीस चौकशी? एका परक्या बाईला हे सगळं कशाला कळायला हवं?

म्हणून तिनं सरळ खोटं बोलायला सुरुवात केली. वडील काय करायचे? तर विमान चालवायचे. घर कसं होतं? तर मोठं, तळ्याकाठी. पण खोट्याला तपशील लागतो, आणि तो तिच्याकडे नसायचा. तळं कसं होतं म्हणून विचारलं की गाडी अडायची. "तळं… मोठं होतं. त्यात पाणी होतं."

एक दिवस पार्लरवालीनं हात जोडले. "ताई, परवा तुमचे वडील पायलट होते, काल वकील झाले, आज म्हणताय आचारी. एवढ्या नोकऱ्या बदलणाऱ्या माणसाला कुणी मुलगी तरी कशी दिली हो?"

फौजदारीणबाईंना हसू फुटलं. आरशासमोर घोटलेलं नव्हे, नाकातून फुस्सकन निघालेलं खरं हसू. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं.

परीक्षेतल्यासारखी सर सरावाला विषयाची कार्डं काढायचे. एकदा कार्ड निघालं, 'मन घट्ट ठेवावं लागलं असा प्रसंग'. पार्लरवालीनं अडखळत सांगितलं. एक नवं गिऱ्हाईक भुवया करायला आलं होतं. डोळे मिटून खुर्चीत पडल्या पडल्या ती बाई आपल्या मैत्रिणीची मजा सांगत होती, की मैत्रिणीनं एका लग्न झालेल्या माणसाबरोबर कसं घर थाटलंय. नाव सांगितलं, गाडीचा रंग सांगितला. ते नाव पार्लरवालीच्या नवऱ्याचं होतं. एक भुवई झाली होती, दुसरी राहिली होती. "मी दुसरी पूर्ण केली," ती म्हणाली. "दोन्ही अगदी सारख्या झाल्या. मग तिला पाणी दिलं, आणि ती गेल्यावर शटर ओढलं. हे आईलासुद्धा अजून सांगितलेलं नाही."

टेबलावर फोन होता. सर हळहळले, म्हणाले, "फार छान. एक-दोन ठिकाणी काळ चुकला, तेवढा सुधारू."

ते ऐकल्यावर फौजदारीणबाईंना आपल्या पायलटची लाज वाटली. पुढच्या खेपेला 'तुम्हाला घडवणारी व्यक्ती' असं कार्ड आलं, तेव्हा तिनं पहिल्यांदाच खरं सांगितलं. तिचे वडील सायकली दुरुस्त करायचे. ती लहान असताना घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून शर्टाच्या खिशात एक स्टीलचा चमचा असायचा. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर टणटण केलं की तिनं खेळ सोडून घरी यायचं. ताटलीवर हळू वाजवला की भाजी झकास झाली आहे. ती शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा फोन आईनं उचलायचा आणि मग रिसीव्हर वडिलांकडे द्यायचा. ते त्यावर चमचा वाजवायचे. मी बरा आहे, तू बरी आहेस ना? ती इकडून नखानं रिसीव्हरवर वाजवून उत्तर द्यायची.

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण कुठंच अडलो नाही. पार्लरवालीचे डोळे भरले होते. सर म्हणाले, "वा! हेच पुन्हा एकदा, जरा सावकाश बोला बरं." तिनं पुन्हा सांगितलं.

परीक्षा तोंडावर आली, तसं सरांनी सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही वर्गांना सराव परीक्षांसाठी एकत्र बोलवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी ती आडोशाच्या अलीकडे आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. पलीकडून सकाळच्या वर्गातला कुणी पुरुष घडाघडा बोलत होता. आवाज जाड, शब्द स्वच्छ. "माय फादर लॉस्ट हिज व्हॉइस," तो म्हणाला, आणि मग चमचा आला. जिन्याचा कठडा आला. फोनचा रिसीव्हर आला.

ती ताडकन उठली. आडोशाला फट होती. तिनं डोळा लावला. पलीकडे फ्रिज दुरुस्त करणारा एक धिप्पाड गडी मांडीवर हात ठेवून, शाळेत कविता म्हणावी तसा, तिचे वडील म्हणून दाखवत होता.

ही गोष्ट तिनं क्लासबाहेर जगात कुणालाच सांगितलेली नव्हती. नवऱ्याला एवढंच ठाऊक होतं, की सासऱ्यांना बोलता यायचं नाही. मग ती फुटली कुठून? सरांचं नाव मनात आलंसुद्धा नाही. सर म्हणजे सर. उरली एकच. आणि एकदा संशयाचं भूत मानेवर बसल्यावर त्याला खायला काहीही पुरतं. पार्लरवाली क्लास सुटल्यावर कोपऱ्यात जाऊन फोनवर हळू बोलते ते कोणाशी? जिन्यात ती या फ्रिजवाल्याशीच हसून बोलत होती, हे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही का? आणि त्या दिवशी तिचे डोळे भरले ते खरंच भरले, की भरल्यासारखे केले?

ती तडक पार्लरमध्ये गेली. खुर्चीत एक बाई तोंडाला लेप लावून निजली होती.

"माझ्या वडिलांची गोष्ट आणखी किती जणांना वाटलीस?"

पार्लरवाली गोंधळली. "कुठली गोष्ट?"

"चमच्याची. उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. तुझ्याशिवाय ती कुणाला माहीत होती?"

"अगं, मी कशाला सांगू कुणाला?"

"त्या फ्रिजवाल्याशी जिन्यात हसत होतीस ते मी पाहिलंय."

"हा इथला एसी गळतोय म्हणून त्याला विचारत होते."

"चोराच्या उलट्या बोंबा! तुझ्या गोड बोलण्यावरून मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं तुला."

लेपवाल्या बाईनं एक डोळा उघडला. पार्लरवालीनं हातातली वाटी खाली ठेवली. चेहरा, तो सदा उघडा चेहरा, आतून कुणी बंद केल्यासारखा झाला.

"बाहेर जा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

त्यानंतर ती क्लासला आली नाही. फौजदारीणबाईंनी स्वतःला बजावलं, बघ, न येणं म्हणजेच कबुली. सरांनी नवा जोडीदार दिला, तर नेमका तो फ्रिजवालाच. तिला ते पसंत नव्हतं, पण शत्रूच्या गोटात शिरायची ही संधी आहे असं तिला वाटलं. कार्ड निघालं, 'मन घट्ट ठेवावं लागलं असा प्रसंग'.

फ्रिजवाला सुरू झाला. "माझं केस कापायचं दुकान होतं. एक गिऱ्हाईक डोळे मिटून बोलत होतं. एक कल्ला झाला होता, दुसरा राहिला होता…"

ती ऐकत राहिली. माणूस दुसऱ्याची गोष्ट विकेल, चोरेल. पण ही गोष्ट पार्लरवाली कुणाला विकणार? ही तर तिनं स्वतःच्या आईलासुद्धा सांगितलेली नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "हे तुम्हाला कुणी दिलं?"

"सरांनी," फ्रिजवाला सहज म्हणाला. "पाठ करायला. सगळ्या सकाळच्या वर्गाला दिलंय. फक्त बाईचं पुरुष केलंय." आणि अभिमानानं त्यानं फोन काढून दाखवला. फोनमधून पार्लरवालीचा आवाज आला, अडखळणारा, मध्येच घोट गिळणारा. त्याच्या पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. सावकाश.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, या कुणाच्या आहेत म्हणून?"

तो चपापला. "मला वाटलं सरांनी कुणाकडून तरी वाचून घेतल्यात. खऱ्या आहेत की काय?"

तिनं होकारार्थी मान हलवली. एवढंच तर विचारायचं होतं. ऐकलं त्याच दिवशी, आडोशाच्या पलीकडे जाऊन. आयुष्यभर प्रत्येकाला 'कशावरून' म्हणून विचारणाऱ्या बाईनं जिथं विचारायला हवं होतं तिथं विचारलं नाही, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

सर पलीकडच्या भागात फळा पुसत होते. तिनं जाब विचारला तेव्हा ते जराही डगमगले नाहीत. उलट हसले.

"अहो बाई, विद्यार्थ्यांचं भलं होतंय. परीक्षा घेणाऱ्या तपासनीसाला असंच काहीतरी काळजाला भिडणारं लागतं. आणि गोष्ट काय, कुणाच्या बापाची असते का?"

"ही माझ्या बापाचीच आहे, सर," ती म्हणाली.

तिनं समोर उभं राहून दोन्ही रेकॉर्डिंगं त्यांच्या फोनमधून काढायला लावली. पण उडालेला कापूस कुठं परत पोत्यात भरता येतो? सकाळच्या सगळ्या वर्गाच्या फोनमध्ये तिचे वडील जाऊन बसले होते. तिनं त्या दिवशी क्लास सोडला.

पार्लरमध्ये जायला तिला धीर झाला नाही. दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परतली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा आत गिऱ्हाईक नव्हतं. पार्लरवाली कंगवे धूत होती. फौजदारीणबाईंनी जे घडलं ते सरळ सांगितलं, आणि तिचीही गोष्ट गावभर झाल्याचं सांगितलं. पार्लरवालीचा हात पाण्यातच थांबला.

"कल्ले?" तिनं एवढंच विचारलं.

"हो."

"एक झाला होता, एक राहिला होता?"

"हो गं."

ती हसली की रडली, ते पाठमोरी असल्यामुळे कळलं नाही. मग म्हणाली, "सरांचा मला राग येतोच आहे. पण ते परके. तू मला विचारलं नाहीस, सुनावलंस. तेही गिऱ्हाइकासमोर."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आणि हे मी पटकन विसरेन असं समजू नकोस." तिनं कंगवे झटकले. "परीक्षा एकाच दिवशी आहे आपली. बस त्या खुर्चीत. पण आता कुणाच्याच खऱ्या गोष्टी नकोत. तुझ्या पायलटबद्दल सांग."

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर सकाळच्या वर्गातले चेहरे ओळीनं बसले होते. सगळ्यांचे ओठ हलत होते. फ्रिजवाला त्याच खोलीत तिच्या आधी जाऊन आला. बाहेर आला तो घाम पुसत. तिच्याकडे न बघता म्हणाला, "चमचाच सांगितला ताई. दुसरं काही सुचेना."

आत टेबलाच्या पलीकडे एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांनी कार्ड पुढं केलं. 'तुम्हाला घडवणारी व्यक्ती.'

आता दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं? सासूबाई? नणंद? पायलट? पण मग तिला राग आला. माझ्या बापाबद्दल बोलायची चोरी मलाच? तिनं सुरुवात केली. चमच्यापर्यंत पोचली आणि तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं. मान जराशी तिरकी झाली, डोळे बारीक झाले. असा चेहरा तिनं आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवला होता. समोरून कसा दिसतो ते तिला पहिल्यांदाच कळलं.

ती मध्येच थांबली. इंग्रजीतच म्हणाली, "मॅडम, तुम्ही हे ऐकलं असेल. कदाचित आजच. पण ते माझे वडील आहेत. तुम्ही मला काहीही विचारा."

तपासनीस बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नियमात बसेल असा एक प्रश्न विचारला. "ते रागावले की कसं वाजवायचे?"

हे कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. तिनं स्वतः तरी यावर कधी विचार केला होता? तिला तो जिना दिसला. खालच्या पायरीवर ती, हातात सायकलचा फुटका दिवा घेऊन उभी. दुकानातली एक सायकल तिनं न विचारता नेली होती.

"रागावले की वाजवायचेच नाहीत," ती म्हणाली. तिचे काळ चुकले, एक-दोन शब्द सापडले नाहीत, एकदा तर तिनं बोलायच्या ऐवजी खिशात हात घालून दाखवला. "चमचा खिशात टाकायचे. मग सगळं घर गप्प. मी वाट बघत बसायचे. त्यांनी कशावर तरी, कशावरही, तो पुन्हा वाजवावा म्हणून."

तपासनीस बाईंनी पेन पुन्हा उचललं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. "आणि शेवटी वाजवायचे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न परीक्षेचा नव्हता.

"नेहमी," ती म्हणाली.

त्या रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, परीक्षा कशी झाली. तिनं आपण काय बोललो ते सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता सगळंच सांगितलं, या खेपेला मराठीत. त्याचा घास हातातच राहिला. "हे तू त्या परक्या लोकांना आधी सांगितलंस?" तो म्हणाला, पण रागावला नाही. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रिसीव्हरवर वाजवायचे? म्हणजे तुझ्या आईला बाजूला बसून नुसतं ऐकत राहावं लागत असेल." हा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता. सासूबाईंकडे तिनं त्या दिवशी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

निकाल लागला. ती जेमतेम काठावर पास झाली. फ्रिजवाला नापास झाला, आणि सकाळच्या वर्गातले बरेच जण झाले. क्लासची पाटी काही उतरली नाही. सरांनी फक्त वर्गाची वेळ बदलली. पार्लरवालीचे मार्क थोडे कमी पडले. तिनं पुन्हा परीक्षा दिली आणि या वेळी फौजदारीणबाईंपेक्षा वरचढ मार्क मिळवले. हे ती अजून अधूनमधून ऐकवते.

फौजदारीणबाई आधी एकट्या गेल्या, नवरा आणि सासूबाई मागून. पार्लरवाली दुसऱ्याच देशात गेली. तिथल्या एका मोठ्या दुकानात ती भुवया करते आणि गिऱ्हाइकांना बोलू देते. दोघींचा फोन सुट्टीच्या दिवशी असतो. त्या दिवशी जे झालं ते पूर्ण बुजलं आहे असं नाही. मध्येच एखादी गप्प होते, मग दुसरी विषय बदलते. इंग्रजीत मात्र दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत.